बाटलीचा खुळखुळा आणि वीस वर्षांनंतरची कमाई

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, आरोग्यसेविका दर आठवड्याला गरीब वस्त्यांमधल्या ठरावीक घरी जात असत. त्यांच्या पिशवीत घरगुती खेळणी असत. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा खुळखुळा, दोरीत ओवायची बाटल्यांची बुचं, लाकडाचे ठोकळे, चिंध्यांची बाहुली, पुठ्ठ्याची जोडचित्रं, हाताने केलेलं चित्रांचं पुस्तक. सेविका तासभर थांबायची, आईला आणि मुलाला एकमेकांशी खेळतं करायची आणि निघताना खेळणी घरातच ठेवायची. पुढच्या आठवड्यात ती परत घेऊन दुसरी द्यायची. असं दोन वर्षं चाललं.

या मुलांची संख्या १२९ होती आणि सुरुवातीला त्यांचं वय ९ ते २४ महिन्यांचं होतं. सगळी उंची खुंटलेली, म्हणजे दीर्घकाळ पुरेसं पोषण न मिळालेली. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर, ख्रिस्तीन पॉवेल आणि सुसान वॉकर या संशोधकांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाच्या भुकटीचा पूरक आहार, दुसऱ्याला खेळाच्या भेटी, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही. दोन वर्षांनंतर आहाराचाही फायदा दिसला आणि खेळाचाही. दोन्ही मिळालेली मुलं सर्वांत पुढे होती.

गोष्ट इथेच संपली असती, तर शेकडो अभ्यासांपैकी एक म्हणून ती विसरली गेली असती. पण संशोधकांनी या मुलांचा माग सोडला नाही. वीस वर्षांनी अर्थशास्त्रज्ञ पॉल गर्टलर, जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या १०५ जणांची माहिती मिळवली. लहानपणी खेळाच्या भेटी मिळालेल्या तरुणांची कमाई इतरांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त होती आणि ज्यांची वाढ कधी खुंटलीच नव्हती अशा त्याच वस्त्यांतल्या मुलांच्या बरोबरीला ती आली होती. नुसत्या पूरक आहाराचा असा टिकाऊ परिणाम सापडला नाही. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हीच मंडळी ३१ वर्षांची झाली तेव्हा कमाईतला फरक ३७ टक्क्यांवर गेला होता.

नमुना लहान आहे, हे खरं. एका शहरातल्या सव्वाशे मुलांवरून जगभरचा नियम काढता येत नाही. तरीही प्रश्न उरतोच. त्या एका तासात असं काय घडत होतं? बाटलीत जादू नव्हती. ते समजून घ्यायला मुलाच्या हातापासून सुरुवात करावी लागते.

पाच-सहा महिन्यांचं बाळ वस्तू अख्ख्या तळव्याने पकडतं. नऊ-दहा महिन्यांच्या आसपास अंगठा आणि तर्जनी यांची चिमटीसारखी पकड जमू लागते. जमिनीवर पडलेला मुरमुरा उचलून तोंडात घालायचा बाळाचा उद्योग आईला धास्ती देणारा असला, तरी पुढे पेन्सिल धरणारी पकड तिथेच घडत असते. खुळखुळा हलवला की आवाज येतो, थांबवला की बंद होतो. ‘माझ्यामुळे काहीतरी घडतं’ हा शोध बाळाला असा हाताने लागतो. पाळण्यातून चमचा खाली टाकायचा, कुणीतरी उचलून द्यायचा, पुन्हा टाकायचा, हा प्रकार मोठ्यांना हट्टीपणा वाटतो. बाळ मात्र पडण्याचा आवाज, पडण्याची दिशा आणि आजीची सहनशक्ती, तिन्ही तपासत असतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांच्या अशा खेळांची बारकाईने टिपणं ठेवली होती. खेळणं फडक्याखाली झाकलं की लहान बाळ ते शोधत नाही. साधारण आठ महिन्यांपासून ते फडकं ओढून खेळणं काढू लागतं. नजरेआड गेलेली वस्तू जगात असतेच, हे त्याला उमगू लागलेलं असतं. पदराआड तोंड लपवून ‘कुऽक’ करण्याचा खेळ याच वयात बाळाला इतका का आवडतो, ते यावरून कळतं. आई गेली, पण ती आहे, आणि आत्ता परत येणार आहे.

ब्रिटनमधल्या बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मिड यांनी बसू लागलेल्या बाळांसाठी एक साधी पद्धत रुजवली. टोपलीत घरातल्याच वेगवेगळ्या वस्तू ठेवायच्या. लाकडाच्या, धातूच्या, कापडाच्या, काथ्याच्या. बाळाला टोपलीपाशी बसवायचं आणि मोठ्या माणसाने जवळच, पण गप्प बसायचं. मराठी स्वयंपाकघरात ही टोपली पाच मिनिटांत भरते. स्टीलची वाटी, लाकडी पळी, चाळणी, डब्याचं झाकण, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी. गार आणि उबदार, जड आणि हलकं, खरखरीत आणि गुळगुळीत हे फरक शिकवायला रंगीत प्लॅस्टिकचं दुकान उपयोगी पडत नाही, कारण तिथे सगळ्याला स्पर्श एकच असतो.

पुढचा टप्पा ठोकळ्यांचा. दीड वर्षाचं मूल साधारण तीन-चार ठोकळ्यांचा मनोरा रचतं, दोन वर्षांचं सहाचा. बालरोगतज्ज्ञ विकास तपासताना आजही ठोकळे वापरतात, कारण नजर, हात आणि धीर या तिन्हींचा हिशेब त्यांत एकदम लागतो. मनोरा पडतो, आणि पडला म्हणूनच मूल पुढच्या वेळी खालचा ठोकळा सरळ ठेवतं. चूक सांगायला कुणी मोठं माणूस लागत नाही.

ठोकळ्यांचं हे सामर्थ्य जर्मनीतल्या फ्रिडरिश फ्रोबेल यांनी फार लवकर ओळखलं. १८३७ मध्ये त्यांनी बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्या साहित्यात पहिल्यांदा येतात लोकरीचे मऊ चेंडू, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल, मग आठ लहान घनांत सुटणारा एक मोठा घन. इतकं साधं. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे साहित्य एका आईने पाहिलं आणि मुलासाठी घेतलं. तो मुलगा फ्रँक लॉइड राइट, पुढे अमेरिकेचा नामांकित वास्तुकार झाला. मेपल लाकडाच्या त्या ठोकळ्यांचं ऋण त्याने आत्मचरित्रात मान्य केलं आहे. ठोकळे दिले की मुलगा वास्तुकार होतो असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण बोटांनी ओळखलेला आकार किती खोल जातो, याची ही साक्ष आहे.

आता दुकानातल्या खेळण्याकडे वळू. बटण दाबलं की गाणं, दुसरं दाबलं की गाईचा आवाज, तिसरं दाबलं की इंग्रजी अक्षर. अशा खेळण्यांच्या खोक्यावर ‘शैक्षणिक’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि पालक त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजतात. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या संशोधिका अ‍ॅना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांची मुलं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांना तीन प्रकारचं साहित्य घरी दिलं. विजेरीवर चालणारी बोलकी खेळणी, ठोकळे आणि जोडचित्रांसारखी साधी खेळणी, आणि पुस्तकं. घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. पुस्तक हातात असताना पालक मिनिटाला सुमारे ६७ शब्द बोलत होते, साध्या खेळण्यांसोबत ५६ आणि बोलक्या खेळण्यांसोबत ४०. मुलांचे हुंकार आणि त्यांना मिळणारी उत्तरंही बोलक्या खेळण्यांबरोबर कमी झाली. खेळणं बोलू लागलं की माणूस गप्प होतो. आणि भाषा माणसाकडून येते. बाळ ‘बा’ म्हणालं की ‘हो, बाबा आले’ असं म्हणणारं माणूस बटणामागे बसलेलं नसतं.

मोठ्यांनी सतत शिकवत राहावं, असंही मात्र नाही. २०११ मध्ये संशोधक एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी नळ्यांचं एक अनोळखी खेळणं तयार केलं. त्यात चार गमती दडवल्या होत्या. एका नळीतून आवाज यायचा, इतरांमध्ये दिवा, सूर, आरसा असं काही ना काही. काही मुलांना प्रयोग करणाऱ्या बाईंनी ‘बघ, हे खेळणं असं चालतं’ म्हणत एकच गंमत दाखवली. काहींसमोर ती गंमत जणू चुकून घडली. ज्यांना शिकवलं गेलं, ती मुलं तेवढंच करत राहिली आणि लवकर कंटाळली. ज्यांना कुणी शिकवलं नाही, ती उलटसुलट करून पाहत राहिली आणि त्यांनी बाकीच्या गमतीही जास्त शोधल्या. शिकवणाऱ्या माणसाने एवढंच दाखवलं, म्हणजे एवढंच असणार, असा मुलांचा तर्क होता, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

जवळ असावं, बोलावं, पण खेळ मुलाच्या हातातून काढून घेऊ नये. किंग्स्टनच्या सेविकांचं खरं कसब यातच होतं. पिशवी हे निमित्त होतं. मूल ठोकळा उचलतं तेव्हा आईने काय म्हणायचं, त्याच्या धडपडीचं कौतुक कसं करायचं, आंघोळ घालताना आणि कपडे धुतानाही त्याच्याशी कसं बोलायचं, हे त्या आईच्या हाती सोपवत होत्या. सेविका आठवड्यातून एक तास यायची. बाकीचे सगळे तास आईचे होते.

खेळण्यांच्या संख्येचाही इथे विचार करायला हवा. अमेरिकेत टोलीडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळणी देऊन खेळू दिलं आणि एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते जास्त तऱ्हांनी वापरून पाहू लागली. घरात खेळण्यांचा ढीग असेल तर बराचसा माळ्यावर टाकावा आणि थोडी थोडी खेळणी आळीपाळीने काढावीत. किंग्स्टनमध्ये दर आठवड्याला खेळणी बदलत, त्यामागे टंचाई होती, पण मुलाच्या दृष्टीने ती सोयच ठरली.

दीड वर्षाच्या सुमाराला आणखी एक दार उघडतं. मूल रिकाम्या कपातून चहा पितं. पुढे काठीचा घोडा होतो, उशीचं बाळ होतं, करवंटीचं पातेलं होतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३० च्या दशकात या खेळाकडे अतिशय गांभीर्याने पाहिलं. काठीला घोडा म्हणताना मूल ‘घोडा’ ही कल्पना खऱ्या घोड्यापासून सोडवून भलत्याच वस्तूवर बसवतं. कागदावरच्या वेड्यावाकड्या रेघेला ‘क’ म्हणायचं आणि ‘५’ या खुणेला पाच आंबे समजायचं, याची ही पूर्वतयारी आहे. काठी घोड्यासारखी दिसत नाही, म्हणूनच तिचा उपयोग. हुबेहूब घोडा दिला तर कल्पनेला करायला फारसं काही उरत नाही.

महाराष्ट्रातली भातुकली या दृष्टीने एक संपूर्ण शाळाच आहे. चिमुकली चूल, पाटावरवंटा, जातं, घागर, पितळेची नाहीतर मातीची बोळकी. चुरमुऱ्यांचा भात, गुळाच्या पाण्याचं वरण, पानांची भाजी. पण भांड्यांपेक्षा मोलाचं असतं ते त्याआधीचं भांडण. आई कोण होणार, पाहुणे कोण, आजारी कोण पडणार. वाटाघाटी होतात, कुणी रुसतं, कुणाला समजावून परत आणावं लागतं. पाहुणी झालेल्या मुलीला स्वयंपाकघरात शिरता येत नाही, कारण पाहुणे तसं करत नाहीत. नियम कुणी लिहून दिलेला नसतो, तरी तो पाळला जातो. भातुकली मुलींचीच, हा समज मात्र सोडायला हवा. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरून त्याच्या मनातलं ओळखायचा हा सराव मुलग्यांकडून हिरावून घेण्याचं काही कारण नाही.

नियमाची ही ताकद मनुइलेंको या सोव्हिएत संशोधिकेने १९४८ च्या एका प्रयोगात मोजून दाखवली. मुलांना हालचाल न करता एका जागी उभं राहायला सांगितलं, तेव्हा लहान मुलं फार वेळ टिकली नाहीत. खेळात पहारेकरी केल्यावर तीच मुलं कितीतरी जास्त वेळ ताठ उभी राहिली. स्वतःला आवरणं मूल रागावण्यातून शिकतं त्याहून खेळातून अधिक शिकतं, याचं एवढं सोपं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

ही सारी सूत्रं महाराष्ट्रात प्रत्यक्ष उतरवण्याचं मोठं काम दोन बायकांनी केलं. ताराबाई मोडक या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. माँटेसोरी पद्धतीवर त्यांचा विश्वास होता, पण तिचं साहित्य महाग होतं. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा घनांचा प्रसिद्ध गुलाबी मनोरा अचूक मापात कापून रंगवायचा तर कुशल सुतार हवा आणि पैसेही हवेत. शहरातल्या शाळेला ते परवडे. खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देत नव्हता.

१९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि ती अंगणवाडी झाली. साहित्य तिथलंच. किनाऱ्यावरचे शंखशिंपले, चिंचोके, खडे, पानं, फुलं, काड्या. शिंपले लहानमोठे लावता येतात, बिया रंगाप्रमाणे वेगळ्या करता येतात, पानांचे आकार जुळवता येतात, चिंचोक्यांनी मोजता येतं. क्रम, वर्गीकरण, तुलना, संख्या हे गुलाबी मनोऱ्याचे सारे धडे त्यात येतात, आणि एखादा शिंपला हरवला तर नवा आणायला पैसे पडत नाहीत. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नव्हतं, म्हणून जिथे गुरं चरत तिथे कुरणशाळा भरू लागली. १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावर अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत चालवलं. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा देशभरच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं.

नाव देशभर पोचलं, पण त्याबरोबर खेळ पुरेसा पोचला नाही, हे दुःखाने म्हणावं लागतं. पोषण आहार, वजनाची नोंद, लसीकरण, सर्वेक्षणं, नोंदवह्या हे सारं एकट्या सेविकेच्या माथी आहे. ती कामं महत्त्वाचीच आहेत. पण मुलासोबत बसून चिंचोके मांडायला तिला वेळ मिळावा, ही अपेक्षा करायची तर तिच्या हाताखाली आणखी माणूस द्यायला हवं. तसं केल्याने काय होतं, याचा दाखला भारतातच आहे. किंग्स्टनचा अभ्यासक्रम ओडिशातल्या कटक शहरात, ५४ झोपडवस्त्यांतल्या ४२१ मुलांच्या अभ्यासात, ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने काही वस्त्यांत वापरून पाहिला गेला. वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण दिलं, खेळणी स्थानिक आणि स्वस्त ठेवली, दीड वर्ष दर आठवड्याला भेटी झाल्या. ज्या वस्त्यांत त्या भेटी झाल्या, तिथल्या मुलांची आकलनक्षमता इतर वस्त्यांतल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे वाढलेली आढळली.

मुलं शाळेच्या वयाची झाली की साधी खेळणी विज्ञान शिकवू लागतात. अरविंद गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन पुण्यात टेल्को या वाहन कंपनीत काम करत होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या यांची जोडणी त्यांना सुचली. नळीचा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे बाजू. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौरस हाताने ढकलला की कलून समभुज चौकोन होतो. पुलाच्या आणि छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनी कळतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी घडवली आणि त्यांच्या कृती सगळ्यांना फुकट उपलब्ध करून दिल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या अंगणातले जुने खेळही याच पंक्तीत बसतात. सागरगोट्यांत एक गोटा वर उडवून तो खाली येईपर्यंत बाकीचे उचलायचे असतात, आधी एकेक, मग दोन दोन, मग तीन आणि एक. चाराची फोड किती प्रकारे होते, ते मुलगी पाढ्यांआधी हाताने शिकते आणि वर उडालेल्या गोट्याची वेळ डोळ्यांनी मोजते. लंगडीत तोल सांभाळावा लागतो, लगोरीत नेम धरावा लागतो, फुटलेल्या कौलांची उतरंड घाईत पण न पाडता रचावी लागते. भोवऱ्याला जाळी गुंडाळायची कला कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. शेजारचा मोठा मुलगा दोनदा दाखवतो, तिसऱ्यांदा हसतो आणि चौथ्यांदा भोवरा फिरतो.

घरगुती खेळण्यांबाबत सुरक्षिततेकडे मात्र डोळेझाक चालत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सव्वातीन सेंटिमीटरहून कमी जाडीची सुटी वस्तू देऊ नये, कारण ती घशात अडकू शकते. बाटलीचा खुळखुळा करताना आत खडे किंवा डाळ भरली की झाकण गोंदाने आणि वरून चिकटपट्टीने पक्कं करावं, आणि बाटलीला चीर गेली की ती फेकून द्यावी. गोल चपटे बटण सेल आणि छोटी लोहचुंबकं गिळली गेली तर अन्ननलिकेला आणि आतड्याला इजा करतात, म्हणून स्वस्त दिवे लागणाऱ्या खेळण्यांची सेलची खाच स्क्रूने बंद आहे ना, ते पाहावं. ज्यांच्या रंगाची खात्री नाही अशी रंगीत खेळणी चोखण्याच्या वयात टाळावीत. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे, ते विकत घेताना शोधावं. सागरगोटे, चिंचोके आणि गोट्या पाच-सहा वर्षांच्या ताईदादाने खेळाव्यात, आणि घरात धाकटं भावंड रांगत असेल तर खेळ संपल्यावर मोजून डब्यात भराव्यात.